लोकल की रिमोट?

सातपूरला आमच्या शेडमध्ये विजेचं पॅनेल तयार झालं की शेवटच्या तपासणीत एक छोटा काळा स्विच फिरवून बघतात. त्यावर दोनच शब्द असतात, लोकल आणि रिमोट. रिमोटवर ठेवला की वीज जोडणारा-तोडणारा ब्रेकर दूरच्या कंट्रोल रूममधून ऑन-ऑफ होतो. लोकलवर फिरवला की दुरून आलेला हुकूम ब्रेकरपर्यंत पोचतच नाही, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातालाच तो ऐकतो. अंबड-सातपूरच्या पट्ट्यात ब्रेकर आणि पॅनेल बनवणारे एवढे कारखाने आहेत, की हा स्विच ओळखणारा माणूस नाशकात कुठल्याही गल्लीत भेटेल. याच स्विचने एका देशातल्या लाखो लोकांची वीज परत आणली होती, हे मात्र आमच्या धंद्यातल्याही अनेकांना ठाऊक नसतं.

२३ डिसेंबर २०१५. पश्चिम युक्रेनमधल्या इव्हानो-फ्रँकिव्हस्क भागातल्या वीज वितरण कंपनीची कंट्रोल रूम. दुपारी साडेतीनच्या सुमारास एका ऑपरेटरच्या स्क्रीनवरचा माऊसचा बाण आपोआप हलू लागला. त्याने सबस्टेशनचं चित्र उघडलं, ब्रेकरवर जाऊन थांबला आणि ब्रेकर उघडला, म्हणजे वीज तोडली. मग पुढचा. ऑपरेटरने माऊस हलवून पाहिला, उपयोग झाला नाही. थोड्याच वेळात त्याला सिस्टिमबाहेर काढलं गेलं आणि त्याचा पासवर्डही बदलला गेला. त्या दिवशी तीन वितरण कंपन्यांवर एकाच वेळी हल्ला झाला आणि ऐन थंडीत सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली.

हे एका दुपारचं काम नव्हतं. कित्येक महिने आधी कार्यालयातल्या लोकांना ईमेलने एक साधी फाईल आली होती. ‘मॅक्रो’, म्हणजे फाईलमधले आपोआप चालणारे हुकूम, चालू करा या सूचनेवर कुणीतरी क्लिक केलं आणि ब्लॅकएनर्जी नावाचा प्रोग्रॅम आत शिरला. पुढचे महिने घुसखोर फक्त बघत होते. कोण कधी लॉगिन करतो, कार्यालयातून कंट्रोल रूमकडे जाणारी वाट कुठली, कुठल्या सबस्टेशनला कुठलं उपकरण लावलंय, सगळं त्यांनी टिपून घेतलं. हल्ल्याच्या दिवशी त्यांनी ब्रेकर तर उघडलेच, शिवाय तक्रारीच्या फोन लाईनवर खोट्या कॉलचा भडिमार केला, म्हणजे लोकांचा फोन लागू नये. वीज गेल्यावर कंट्रोल रूम चालवणारा यूपीएस बंद पडण्याचीही वेळ आधीच लावून ठेवली होती, म्हणजे ऑपरेटर स्वतःच अंधारात जावेत. आणि सबस्टेशनमधल्या ज्या छोट्या डब्यांतून दुरून आलेले हुकूम पुढे जातात, त्या डब्यांमधलं मूळ सॉफ्टवेअर खराब करून टाकलं. ते डबे पुन्हा चालू होण्यासारखे राहिले नाहीत, बदलावेच लागले.

मग वीज आली कशी? माणसं गाड्या काढून सबस्टेशनवर गेली, यंत्रणा लोकलवर, म्हणजे हातावर घेतली आणि ब्रेकर स्वतः लावले. तासाभरापासून सहा तासांपर्यंत वेळ लागला, पण वीज आली. दुरून चालवण्याची यंत्रणा पुढे कित्येक आठवडे अधू होती, तरी घरांत दिवे होते. त्यांची ग्रिड जुनी होती आणि ती हाताने चालवायची सवय असलेले लोक नोकरीत होते, म्हणून ते सावरले असं मला ठामपणे वाटतं. ज्या देशाने सगळंच स्क्रीनवर नेलंय आणि लाईनमन कमी केलेत, तिथे ते सहा तास सहा दिवसही झाले असते.

वर्षभराने, डिसेंबर २०१६ मध्ये, कीव्हच्या उत्तरेकडचं एक ट्रान्समिशन सबस्टेशन असंच बंद पडलं. या वेळी माऊस हलवायलाही कुणी नव्हतं. इंडस्ट्रॉयर नावाचा प्रोग्रॅम थेट सबस्टेशनच्या उपकरणांशी त्यांच्याच भाषेत बोलला. अंधार तासाभराचाच होता, पण तंत्रज्ञांना धास्ती भरवणारा हल्ला हाच. कारण ती भाषा, म्हणजे प्रोटोकॉल, अनेक देशांत तीच वापरली जाते. ब्रेकरला ‘उघड’ म्हटलं की तो उघडतो. ‘तू कोण?’ असं विचारायची सोय त्या भाषेत मुळात ठेवलीच नव्हती. जुन्या नाशकातल्या वाड्यांचं असंच असे. दिंडी दरवाजा लावलेला असला की चौकातून आलेली हाक आपल्याच माणसाची, असं धरून चालत. हे प्रोटोकॉल घडले तेव्हा तारा वीज कंपनीच्या स्वतःच्याच यंत्रणेत संपत होत्या. पुढे त्या कार्यालयाला आणि कार्यालयातून इंटरनेटला जोडल्या गेल्या, पण हाकेला ओ द्यायची जुनी रीत तशीच राहिली.

माझ्या रोजच्या कामातलं यंत्र म्हणजे पीएलसी, कारखान्यातल्या मशिनचा मेंदू. सेन्सरकडून आकडे घ्यायचे, लॉजिकप्रमाणे ठरवायचं आणि मोटार, व्हॉल्व्ह, मोटारीचा वेग ठरवणारा ड्राइव्ह यांना हुकूम द्यायचा, एवढंच ते करतं, दर सेकंदाला कित्येकदा. पीएलसीला लढाईत ओढलं ते स्टक्सनेट नावाच्या व्हायरसने. जून २०१० मध्ये बेलारूसमधल्या एका छोट्या अँटीव्हायरस कंपनीला तो सापडला. त्याचं लक्ष्य होतं इराणमधला नतान्झचा युरेनियम प्रकल्प.

तिथे काय चालतं ते आधी समजून घेऊ. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये उपयोगाचं युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतं, बाकी जवळपास सगळं २३८. दोघांच्या वजनातला फरक जेमतेम सव्वा टक्का. तो फरक पकडायला युरेनियमचा वायू उंच नळकांड्यांत, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये, भरून भयंकर वेगाने फिरवतात, म्हणजे जड अणू कडेला सरकतात आणि हलके मध्याजवळ राहतात. नतान्झच्या नळकांड्यांचा नेहमीचा वेग १,०६४ हर्ट्झच्या आसपास होता, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ६४ हजार फेऱ्या. आपल्याकडच्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, त्यामुळे एवढा वेग द्यायला खास ड्राइव्ह लागतात.

स्टक्सनेट संगणकात शिरला की आधी तपासायचा. ठरावीक मॉडेलचा पीएलसी आहे का? त्याला ३३ किंवा जास्त ड्राइव्ह जोडलेत का? ते फिनलंडच्या किंवा इराणच्या एका विशिष्ट कंपनीचे आहेत का? ८०७ ते १,२१० हर्ट्झवर चाललेत का? नसतील तर तो तिथे काहीच करत नसे. सगळं जुळलं की आधी जवळपास दोन आठवडे गप्प राहून निरीक्षण, मग १५ मिनिटं वेग १,४१० हर्ट्झवर. पुन्हा पूर्ववत. साधारण २७ दिवसांनी ५० मिनिटांसाठी वेग थेट २ हर्ट्झवर. फिरत्या भांड्याच्या भिंतीवरचा ताण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. १,०६४ वरून १,४१० म्हणजे वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला, ताण मात्र पाऊणपट वाढला. ॲल्युमिनियमच्या नळकांड्याच्या सहनशक्तीची ती जवळपास सीमाच. असं करत सुमारे १,००० सेंट्रिफ्यूज बाद झाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

पण मला सगळ्यात जास्त हलवून सोडलं ते त्याच्या लपण्याने. इंजिनिअरने लॅपटॉप जोडून पीएलसीचं लॉजिक उघडलं तर त्याला जुनं, स्वच्छ लॉजिकच दिसायचं. लॅपटॉप आणि पीएलसी यांच्यामध्ये बसलेली फाईल स्टक्सनेटने बदललेली असायची. व्हॉल्व्हवर रोख असलेल्या त्याच्या दुसऱ्या भागात तर सेन्सरचे २१ सेकंदांचे चांगले आकडे टिपून तेच पुन्हा पुन्हा दाखवायची तयारी होती. समोर मशिन मोडतंय आणि स्क्रीन म्हणतोय सगळं ठीक. आमच्या धंद्यात मशिन बिघडलं की आधी लॅपटॉप जोडतात, त्यामुळे हे वाचल्यापासून मी आधी मशिनला हात लावून त्याचा थरथराट बघतो, मग स्क्रीन.

नतान्झची यंत्रणा इंटरनेटला जोडलेली नव्हती, स्टक्सनेट पेनड्राइव्हमधूनही पसरायचा. पसरताना तो इराणच्या बाहेर निघाला आणि बाधित संगणकांच्या संख्येत इराण, इंडोनेशियानंतर तिसरा क्रमांक भारताचा लागला. आपल्याकडे तो निजून राहिला, कारण त्याला हवी ती नळकांडी इथे सापडली नाहीत.

हे करणारे लोक कोण? तळघरात बसलेली पोरं नव्हेत. युक्रेनवरच्या हल्ल्यांसाठी अमेरिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये रशियन लष्करी गुप्तचर संस्थेच्या युनिट ७४४५५ मधल्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. त्याआधी मे २०१४ मध्ये अमेरिकी कंपन्यांच्या संगणकांतून माहिती चोरल्याबद्दल चिनी लष्कराच्या युनिट ६१३९८ मधल्या पाच जणांवर. स्टक्सनेटमागे अमेरिका आणि इस्रायल होते असं सर्वत्र मानलं जातं, दोघांनीही ते कधी अधिकृतपणे कबूल केलेलं नाही. पगार, हुद्दा आणि सुट्टी असलेले सैनिकच हे काम करतात, आणि या बाबतीत कुठलीही महासत्ता दुसरीकडे बोट दाखवण्याच्या लायकीची उरलेली नाही.

२०२३ मध्ये उघड झालेल्या व्होल्ट टायफूनने तर वेगळंच दाखवलं. अमेरिकेच्या वीज, पाणी आणि दळणवळणाच्या यंत्रणांत, पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावरसुद्धा, चीनशी जोडलेला एक गट शिरून बसला होता, काही ठिकाणी किमान ५ वर्षं. त्याने काही चोरायची घाई केली नाही. स्वतःचा व्हायरसही फारसा आणला नाही, संगणकात आधीच असलेली हत्यारं वापरली. घरातल्याच चाव्या घेऊन फिरणाऱ्याला पहारेकरी कसा ओळखणार? उद्या तैवानवरून लढाई पेटलीच तर त्या दिवशी दिवे घालवता यावेत, यासाठीची ही तयारी असं अमेरिकी यंत्रणांचं म्हणणं आहे.

कुणी केलं हे सांगणं मात्र फार अवघड. फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या वेळी संगणक बंद पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उत्तर कोरियाच्या खुणा मुद्दाम पेरलेल्या होत्या. माग काढल्यावर तो रशियाकडे गेला. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे १२ ऑक्टोबर २०२०, मुंबईतली वीज गेली तो दिवस. कळवा-पडघा वाहिन्यांचं नाव तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. मुंबईला जाताना हमरस्त्यावर आपण ज्या पडघ्यावरून जातो, तेच हे. पुढे २८ फेब्रुवारी २०२१ ला एका अमेरिकी कंपनीने भारतीय वीज यंत्रणेत चिनी घुसखोरीच्या खुणा सापडल्याचा अहवाल दिला. राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. घुसखोरीच्या खुणा असणं आणि त्या दिवशीचा अंधार त्यामुळेच होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र करून छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

नाशिक म्हटलं की लोकांना वाटतं, धोका असेल तर ओझरच्या विमान कारखान्याला, नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्याला किंवा देवळालीला. मला भीती वाटते ती लहानांची. २७ जून २०१७ चा नॉटपेट्या हल्ला युक्रेनमधल्या एका साध्या कर-हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला. त्यात अमेरिकी गुप्तहेरांकडून फुटलेलं हत्यार रशियन लष्कराने वापरलं होतं. रोख युक्रेनवर होता, पण त्याने मर्स्क या जहाज कंपनीचे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने बसवायला लावले, आणि आपल्या जेएनपीटीतलं त्यांच्या गटाचं टर्मिनलही थांबवलं. नाशिकचा माल बाहेर जातो तो याच बंदरातून. जून असल्याने द्राक्षांचा हंगाम संपलेला होता. हेच फेब्रुवारीत झालं असतं तर थंड कंटेनरमधली निफाड-दिंडोरीची पेटी बंदराच्या रांगेत अडकली असती, आणि त्या शेतकऱ्याला कीव्ह कुठे आहे हेही ठाऊक नसतं. मर्स्कची लॉगिन यंत्रणा वाचली ती घानामधल्या एका सर्व्हरमुळे. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती म्हणून तो बंद होता. आपल्याकडे वीज गेली की शिव्या घालतात, तिथे त्याच वीज जाण्याने कंपनी उभी राहिली.

अंबडच्या एका कारखान्यात मशिन पुरवणाऱ्याने दुरून दुरुस्तीसाठी पॅनेलमध्ये सिमकार्डचा मोडेम ठेवला होता. काम संपून दोन वर्षं झाली, मोडेम चालूच, पासवर्ड मॅन्युअलमध्ये छापलेला. मालकाचा यात काही वाईट हेतू नव्हता, कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. असले दरवाजे शोधायला सैन्याला नाशकात यावं लागत नाही.

२०१७ मधलीच आणखी एक घटना. सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्याच्या सुरक्षा नियंत्रकात कुणीतरी शिरलं. हा नियंत्रक म्हणजे दाब किंवा तापमान हाताबाहेर गेलं की प्रकल्प बंद करणारा शेवटचा राखणदार. ट्रायटन नावाच्या त्या प्रोग्रॅममध्ये चूक राहिली म्हणून प्रकल्प आपोआप बंद पडला आणि गोष्ट उघड झाली. त्या नियंत्रकावर एक किल्ली असते, रन आणि प्रोग्रॅम अशा जागांवर फिरणारी. रनवर असेल तर दुरून नवं लॉजिक टाकता येत नाही. ती प्रोग्रॅमवर राहून गेली होती.

आता कुठेही पॅनेल बसवून झालं की मी निघण्याआधी तीन गोष्टी करतो. स्विच लोकलवर टाकून ऑपरेटरकडून ब्रेकर हाताने लावून घेतो. लॉजिकचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क काढून ठेवायला सांगतो. आणि पीएलसीवर किल्ली असेल तर ती रनवर फिरवून बाहेर काढतो. गेल्या महिन्यात रात्रपाळीच्या इन्चार्जच्या हातात अशीच किल्ली दिली. त्याने ती ड्रॉवरमध्ये ठेवली, वहीत तारीख-वेळ लिहिली आणि खाली सही केली.