व्यालेली गाय खाली का बसते? कॅल्शियम आणि फॉस्फेटचा शरीरातला मेळ

पलूस-तासगाव भागातल्या दूध उत्पादकांना हा प्रसंग नवा नाही. तिसऱ्या-चौथ्या वेताची, भरपूर दुधाची संकरित गाय रात्री विते आणि सकाळी तिला उठताच येत नाही. मान कुशीकडे वळलेली असते, कान थंड पडलेले असतात. जनावरांचे डॉक्टर येऊन शिरेतून कॅल्शियमची बाटली लावतात, ती हृदयाचे ठोके ऐकत अगदी सावकाश देतात, आणि पुष्कळदा थोड्याच वेळात गाय उभी राहते. या आजाराचे नाव दुग्धज्वर असले तरी त्यात अंग तापत नाही, उलट गार पडते.

दहा लिटर चिकाबरोबर सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते आणि गाईच्या रक्तरसात एका वेळी ते जेमतेम अडीच-तीन ग्रॅम असते. हाडांत किलोंनी कॅल्शियम साठलेले असताना ही वेळ येते, कारण तो साठा रक्तात उतरायला वेळ लागतो.

माणसाच्या शरीराची घडणही अशीच आहे. प्रौढ शरीरातील सुमारे एक किलो कॅल्शियमपैकी ९९ टक्के हाडांत आणि दातांत असते, तर १०० मिलिलिटर रक्तरसात साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. त्यातलेही निम्मेच मोकळे आणि कामाचे असते. ते घटले की बोटांना मुंग्या येतात, स्नायू आखडतात. वाढले की मरगळ, बद्धकोष्ठता आणि मुतखडे मागे लागतात. म्हणून गळ्यात, थायरॉईडच्या मागे, बहुधा चार पॅराथायरॉईड ग्रंथी सतत पहाऱ्यावर असतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या या ग्रंथींची माणसातील पहिली नीट नोंद स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० साली प्रसिद्ध केली. रक्तातले मोकळे कॅल्शियम किंचित जरी उतरले, तरी त्या हाडातले कॅल्शियम रक्तात उतरवणारे आपले संप्रेरक सोडतात, आणि ते संप्रेरक काही मिनिटांतच नष्ट होत असल्यामुळे त्याची मात्रा गरजेप्रमाणे क्षणाक्षणाला कमी-जास्त करता येते.

खरी अडचण पुढे आहे, आणि मला या विषयातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. हाडातले खनिज कॅल्शियम आणि फॉस्फेट या दोघांचे मिळून बनलेले असल्याने हाड विरघळवून एकटे कॅल्शियम काढता येत नाही. फॉस्फेटही सोबत येतेच. दोन्ही रक्तात एकदम वाढली, तर ती पुन्हा एकमेकांना धरून नको तिथे साचतील आणि मोकळे कॅल्शियम उलट कमी होईल. ही जोडी वेगळी करण्याचे काम मूत्रपिंड करते. त्याच संप्रेरकाच्या सांगण्यावरून ते कॅल्शियम राखून ठेवते आणि फॉस्फेट लघवीवाटे सोडून देते. शिवाय ते ड जीवनसत्त्वाला त्याचे क्रियाशील रूप देते, त्यामुळे आतडे अन्नातून अधिक कॅल्शियम शोषू लागते. मूत्रपिंडाचा प्रतिसाद काही मिनिटांत मिळतो. आतड्याचा मिळायला मात्र एक-दोन दिवस जातात, आणि वयस्क गाय नेमकी याच अवधीत कोलमडते.

फॉस्फेटवर लक्ष ठेवणारे दुसरे संप्रेरक खुद्द हाडातल्या पेशी तयार करतात. एफजीएफ-२३ नावाच्या या संप्रेरकाचे महत्त्व २००० साली, मुडदुसाच्या एका आनुवंशिक प्रकाराचा शोध घेताना, उलगडले. तेही लघवीवाटे फॉस्फेट घालवते. पण पॅराथायरॉईडच्या उलट, ते ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप कमी करते.

मूत्रपिंड थकले की ही सगळी व्यवस्था ढासळते. फॉस्फेट साचते, क्रियाशील ड जीवनसत्त्व अपुरे पडते, पॅराथायरॉईड अहोरात्र हाडांकडे मागणी करत राहते; हाडे ठिसूळ होतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत मात्र कॅल्शियम साचू लागते. सांगली-मिरजेत डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा येणाऱ्या रुग्णांच्या रक्तातील फॉस्फेट म्हणूनच वेळोवेळी तपासावे लागते, कारण तेवढ्या डायलिसिसने ते पुरेसे निघत नाही. कोला पेयांत आणि पाकीटबंद पदार्थांत मिसळलेले फॉस्फेट डाळी-शेंगदाण्यांतल्या फॉस्फेटपेक्षा कितीतरी सहज शोषले जाते, म्हणून आधी ते पदार्थ बंद करायला हवेत. या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या कॅल्शियमच्याच असतात, पण त्या जेवणासोबतच घ्यायच्या असतात: हाडात फॉस्फेटला धरून ठेवणारे कॅल्शियम आतड्यातही अन्नातल्या फॉस्फेटला धरते, आणि ते रक्तात न शिरता शौचावाटे बाहेर पडते.