अलंकार आणि तर्कदोष

अलंकार आणि तर्कदोष : साहित्यशास्त्र व तर्कशास्त्र यांच्या सीमेवरील विषय. भाषेची जी रचना काव्यात अलंकार ठरते, तीच वादात दोष ठरू शकते. नाटक-कादंबरीत तर तोच दोष पात्राच्या तोंडी घालून स्वभावचित्रण साधता येते. पाठ्यपुस्तकांत अलंकार, पात्रांचे प्रकार आणि तर्कदोष यांच्या याद्या वेगवेगळ्या पाठ करायला दिलेल्या असतात, त्यामुळे त्यांचे आपसांतले नाते सहसा नजरेआड राहते.

हे नाते सर्वांत ठळक दिसते ते श्लेषात. प्रतिपक्षाच्या शब्दांना भलता अर्थ चिकटवून त्याचे खंडन करणे, याला न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, छल म्हटले आहे. वाक्छल, सामान्यछल व उपचारछल हे त्याचे 3 प्रकार. या सूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यातील वाक्छलाचे उदाहरण प्रसिद्ध आहे; ‘नव’ म्हणजे नवे आणि नऊही. ‘हा मुलगा नवकंबल आहे’, म्हणजे त्याचे कांबळे नवे आहे, असे एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने ‘याच्याकडे नऊ कुठे आहेत, एकच तर आहे’ असे उत्तर द्यावे. कवीने असा दुहेरी शब्द योजला तर रसिक दाद देतात, कारण तेथे दोन्ही अर्थ एकाच वेळी जागे असतात. वादात मात्र एक अर्थ गुपचूप उचलून दुसरा त्याच्या जागी बसवला जातो.

उपचारछल याहून मार्मिक आहे. ‘मचाणे ओरडत आहेत’ या वाक्यात मचाणांवरची माणसे अभिप्रेत असतात. मूळ अर्थ जुळत नसेल तेव्हा त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ घेणे, याला साहित्यशास्त्र लक्षणा म्हणते. ‘मचाण कसे ओरडेल?’ असे विचारणारा जाणूनबुजून वाच्यार्थाला, म्हणजे शब्दशः अर्थालाच, चिकटून बसतो. ॲरिस्टॉटलनेही सांगितलेल्या 13 तर्कदोषांपैकी 6 भाषेतून उद्भवणारे मानले आहेत.

कारण आणि पुरावा यांच्याशी खेळणारे अलंकारही आहेत. ‘चेहरा पाहून लाजला म्हणूनच जणू चंद्र ढगाआड गेला’ ही हेतूत्प्रेक्षा. जे कारण नव्हे त्याला येथे कारण कल्पिलेले असते. पण ‘जणू’ हा शब्द ती कल्पना असल्याची कबुली देतो. तोच ‘जणू’ गाळून दोन लागोपाठच्या घटनांना कार्यकारण ठरवले, की काकतालीय न्याय झाला : कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडलेली असते. अर्थांतरन्यासात विशेष गोष्टीचे सामान्य विधानाने किंवा सामान्याचे विशेषाने समर्थन करतात. ‘एका मित्राने दगा दिला, संकटात कोणी कोणाचे नसते’ हे कवितेत दुःखाचे उद्गार म्हणून शोभते, निष्कर्ष म्हणून मात्र ते घाईचे सामान्यीकरण आहे.

काव्याला तर्काची कसोटी कितपत लावावी, यावर जुना मतभेद आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार भामहाने ‘काव्यालंकारा’च्या पाचव्या परिच्छेदात प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (त्याचे कारण) व दृष्टांत (उदाहरण) यांच्या दोषांची सविस्तर चर्चा केली. दुसरा काव्यशास्त्रकार दंडी याने हा विचार बहुधा रुक्ष आहे, तो चघळून काय फळ, असे म्हणून तो बाजूला सारला. दोघांत दंडीचा कंटाळा समजण्यासारखा असला, तरी भामहाचा प्रश्न अधिक टिकाऊ वाटतो.

पात्रांच्या बाबतीत संस्कृत नाट्यपरंपरेने नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत व धीरप्रशांत असे 4 प्रकार मानले, तर इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मध्ये सपाट व गोलाकार पात्रे असा भेद केला. एकाच गुणावर उभे असलेले सपाट पात्र विनोदाला उपयोगी पडते. पण खऱ्या समूहातल्या प्रत्येक माणसाला तोच साचा लावणे हा तर्कदोष होय. दोषाचा उत्तम वाङ्मयीन उपयोग शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातील शकार या खलपात्रात दिसतो. नायिका वसंतसेनेचा पाठलाग करताना तो तिला रामाला भिऊन पळणाऱ्या द्रौपदीची उपमा देतो. रामायण आणि महाभारत यांची ही सरमिसळ त्याचे अज्ञान व त्याचा तोरा एकदमच उघडा पाडते, तेही नाटककाराने स्वतः एक शब्द न बोलता.

म्हणून उताऱ्यातील तर्कदोष ओळखताना तो कोण बोलतो आहे, हे आधी पाहावे लागते. पात्राची चूक लेखकाच्या माथी मारणे ही टीकेतली नेहमीची गफलत आहे. युक्तिवाद सदोष आहे एवढ्यावरून त्याचा निष्कर्षही खोटा ठरवणे, हा तर स्वतंत्र तर्कदोष म्हणूनच गणला जातो.