म्योडलारॉइट: ओढ्यावरची हद्द

म्योडलारॉइट हे जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या हॉफ शहराच्या उत्तरेला वसलेलं, जेमतेम पन्नासेक वस्तीचं खेडं. मधून टानबाख नावाचा लहानसा ओढा वाहतो. ओढ्याच्या एका अंगाला बव्हेरिया, दुसऱ्या अंगाला शेजारचं थ्युरिंगिया राज्य. ‘छोटं बर्लिन’ म्हणून हे गाव जगाला ठाऊक झालं ते शीतयुद्धात, पण त्याची हद्द त्याहून कितीतरी जुनी आहे.

१८१० मध्ये ओढ्याकाठी सीमेचे दगड रोवले गेले. एका बाजूला बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या बाजूला रॉइस घराण्याचं छोटं संस्थान. गावकऱ्यांना याचा फारसा जाच नव्हता. शाळा आणि खानावळ थ्युरिंगियाच्या बाजूला होती, तर प्रार्थनेला सगळे बव्हेरियातल्या ट्योपेनच्या चर्चमध्ये जात. १९२० मध्ये रॉइसचा मुलूख नव्या थ्युरिंगिया राज्यात गेला, तरी रोजचे व्यवहार तसेच चालू राहिले.

घात केला तो एका सोयीच्या निर्णयाने. सप्टेंबर १९४४ च्या लंडन करारात दोस्त राष्ट्रांनी जर्मनीतली आपापल्या ताब्याची क्षेत्रं ठरवताना राज्यांच्या जुन्याच हद्दी वापरल्या. एप्रिल १९४५ मध्ये थ्युरिंगिया जिंकला अमेरिकी सैन्याने, पण करारानुसार जुलैमध्ये तो सोव्हिएत सैन्याच्या हवाली झाला. अशा रीतीने दोन संस्थानांमधली ही रेघ दोन महासत्तांमधली सीमा बनली. १९४९ मध्ये तर तिच्या दोन्ही अंगांना दोन वेगळे देश उभे राहिले: बव्हेरियाच्या बाजूला पश्चिम जर्मनी, थ्युरिंगियाच्या बाजूला पूर्व जर्मनी.

खरी ताटातूट मात्र मे १९५२ मध्ये झाली. पूर्व जर्मनीने सीमेलगत १० मीटरचा नांगरलेला पट्टा, त्यामागे ५०० मीटरचा संरक्षित पट्टा आणि एकूण ५ किलोमीटरचा प्रतिबंधित प्रदेश आखला. तिथे राहायलाही परवाना लागे, आणि ‘अविश्वासू’ ठरवलेल्या कुटुंबांना बळजबरीने आतल्या भागात हलवलं गेलं. गावात आधी लाकडी फळ्यांचं कुंपण आलं, मग काटेरी तारा, आणि १९६६ मध्ये सुमारे ७०० मीटर लांब, ३.३ मीटर उंच काँक्रीटची भिंत. सीमेवर बहुतेक ठिकाणी धातूच्या जाळीचं कुंपण पुरेसं मानलं जाई. इथे घरं समोरासमोर होती, म्हणून नजरानजरसुद्धा तोडायची होती. पूर्वेकडच्यांना पलीकडे हात हलवायलाही बंदी होती. पश्चिमेकडून मात्र लोक ओढ्यापर्यंत येऊन भिंत पाहू शकत. फेब्रुवारी १९८३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश इथे आले होते. भिंत ओलांडून निसटण्यात यश आल्याची एकच नोंद आहे, १९७३ ची. तो माणूस शिडी लावून पार झाला.

बर्लिनची भिंत खुली झाली तरी इथल्या गावकऱ्यांना आणखी महिनाभर थांबावं लागलं. ९ डिसेंबर १९८९ रोजी पायी जाण्यापुरती वाट उघडली, आणि १७ जून १९९० रोजी यंत्राने भिंत पाडायला सुरुवात झाली. सगळी पाडली नाही, हे फार बरं झालं. उरलेला तुकडा, टेहळणी मनोरा आणि कुंपणाचे भाग आता संग्रहालयाने जपले आहेत.

देश एक झाला, राज्यं मात्र दोनच राहिली. बव्हेरियाचा भाग ट्योपेनच्या ग्रामपालिकेत, पिनकोड ९५१८३. थ्युरिंगियाचा भाग गेफेलच्या नगरपालिकेत, पिनकोड ०७९२६. गाड्यांच्या पाट्यांवरची अक्षरं वेगळी. ६ जानेवारीला बव्हेरियाच्या काठावर सार्वजनिक सुट्टी असते, थ्युरिंगियाच्या काठावर नसते; ३१ ऑक्टोबरला नेमकं उलट.