मालिका समजते, पण शब्द येतो का?

इंग्रजी सुधारायचं असेल तर इंग्रजी मालिका बघा, हा सल्ला जिथे तिथे मिळतो. सल्ल्यात खोट नाही. खोट आहे ती त्यामागे धरलेल्या गृहीतात: मालिका समजायला लागली म्हणजे शब्दसंग्रह वाढला. प्रसंग समजणं आणि शब्द येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळे कष्टाळू माणसं हंगामामागून हंगाम बघून काढतात आणि बोलायची वेळ आली की पुन्हा त्याच जुन्या शब्दांवर येतात. मग दोष स्वतःच्या बुद्धीला देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रसंग कसा समजतो हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक आहे. चेहरा, आवाजाची पट्टी, पार्श्वसंगीत, मागच्या भागात घडलेलं, सगळं मदतीला येतं. शब्द त्यातला एक धागा असतो आणि तो निसटला तरी गोष्ट पुढे जाते.

खरी अडचण तिथेच आहे. एखाद्या गुन्हेकथेत संशयित गाडीत बसून निघून जातो आणि पोलीस अधिकारी दात ओठ खात म्हणतो, 'ही वोंट गेट अवे विथ धिस.' प्रेक्षकाला वाटतं, 'हा पळून जाऊ शकणार नाही.' प्रसंगात हा अर्थ चपखल बसतो, म्हणून शंकाही येत नाही. पण अधिकारी म्हणतोय, 'हे त्याला पचणार नाही.' पळण्याचा इथे संबंधच नाही. केलेल्या कृत्याची शिक्षा चुकवण्याचा आहे. पुढे कधी 'शी गेट्स अवे विथ कमिंग लेट' असं वाक्य कानावर पडलं की पळण्याचा अर्थ कोलमडतो. ती रोज उशिरा येते आणि तिला कोणी काही म्हणत नाही, एवढंच ते वाक्य सांगतं. म्हणजे पहिला प्रसंग पूर्ण समजला होता आणि शब्दप्रयोग मात्र चुकीचा शिकला गेला होता.

यात आणखी एक पेच आहे. गेट, अवे, विथ हे तिन्ही शब्द शाळेपासून ओळखीचे, त्यामुळे इथे काही शिकण्यासारखं आहे हेच लक्षात येत नाही. 'पुट अप विथ' (सहन करणं), 'मेक अप फॉर' (भरपाई करणं), 'टर्न डाउन' (नाकारणं) यांचंही तसंच. वहीत मात्र 'अलिबाय', 'सबपीना' (कोर्टाचं समन्स), 'फोरेन्सिक' असे भारदस्त शब्द ओळीने उतरवले जातात. या याद्या बघून मी हताश होतो. वकील किंवा पोलीस नसलेल्या माणसाला 'सबपीना' बोलताना कितीदा लागणार? 'पुट अप विथ' मात्र आठवड्यातून चारदा लागेल.

आकडेही हेच सुचवतात. स्टुअर्ट वेब आणि मायकल रॉजर्स या संशोधकांनी 2009 साली 88 ब्रिटिश आणि अमेरिकी दूरदर्शन कार्यक्रमांच्या संहिता तपासल्या. इंग्रजीतली सर्वाधिक वापराची 3,000 शब्दकुळं येत असतील आणि विशेषनामं व उद्गार जमेस धरले, तर सुमारे 95 टक्के शब्द ओळखीचे निघतात. एका शब्दकुळात मूळ शब्द आणि त्याची रूपं येतात. हाच आकडा 98 टक्क्यांवर न्यायचा तर 7,000 शब्दकुळं लागतात. म्हणजे 95 टक्क्यांवरचा माणूस मालिका आरामात बघतो, पण दर वीस शब्दांत एक अनोळखी शब्द त्याला हुलकावणी देऊन जातो. समजण्यातली ही सहजताच त्याला थांबू देत नाही.

समजा अर्थ अचूक कळला. तरी अर्धंच काम झालं. ऐकल्यावर ओळखता येणं वेगळं आणि गरज पडेल तेव्हा स्वतःहून आठवणं वेगळं. 'रिलक्टंट' (नाखूश) ऐकून कळणाऱ्याला 'रिलक्टंट टू साइन' म्हणायचं की 'रिलक्टंट फॉर सायनिंग' (बरोबर पहिलं), हे बोलताना सुचेलच असं नाही. बघून फक्त ओळख पक्की होते. आठवण्याचा सराव आठवूनच करावा लागतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली उताऱ्यांवर प्रयोग केला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. तोच भाग पुन्हा बघितल्यावर सगळं येतंय असं वाटतं, ते या पहिल्या पाच मिनिटांतलं वाटणं आहे.

बाकीच्या वादांत मला रस नाही. ब्रिटिश की अमेरिकी? आवडेल ते. गंभीर की विनोदी? दोन्ही चालतील. सबटायटलबाबत मात्र माझं मत ठाम आहे: शिकायला बसलात तर इंग्रजी सबटायटल लावा. आपल्या भाषेतली ओळ समोर असली की डोळे तीच वाचतात आणि कानावरचं इंग्रजी वाया जातं. मिटरर आणि मॅक्क्वीन या संशोधकांच्या 2009 च्या प्रयोगात अनोळखी धाटणीचं इंग्रजी ऐकणाऱ्या डच प्रेक्षकांना इंग्रजी सबटायटलने उच्चार ओळखायला मदत केली, तर डच सबटायटलने उलट अडथळा आणला.

मी सुचवतो ते एवढंच. भाग आधी न थांबता बघा, गोष्टीचा आनंद घ्या. मग त्यातला दोन-तीन मिनिटांचा एकच प्रसंग निवडा आणि सोप्या शब्दांची पण अर्थ नीट न लागलेली तीन वाक्यं काढा. अंदाज आधी लिहा, शब्दकोश नंतर उघडा. अंदाज कुठे चुकला ते बघणं हाच यातला सगळ्यात मोलाचा भाग. सुटा शब्द कधीच उतरवू नका, पूर्ण वाक्य उतरवा. त्या वाक्याच्या साच्यात स्वतःच्या आयुष्यातली खरी गोष्ट बसवून मोठ्याने म्हणा. दोन दिवसांनी वही बंद ठेवून, फक्त प्रसंग डोळ्यांसमोर आणून, पात्र नेमकं काय म्हणालं ते आठवायचा प्रयत्न करा. वाक्य अडखळलं तर पुन्हा तेवढंच ऐका. सबंध भाग लावायची गरज नाही.