स्टेपलहर्स्ट रेल्वे अपघात आणि इंग्रजी कथासाहित्य

इंग्लंडच्या केंट परगण्यात स्टेपलहर्स्टजवळ ९ जून १८६५ रोजी झालेला रेल्वे अपघात. त्यात १० प्रवासी दगावले, ४० जखमी झाले. याहून मोठे अपघात त्या काळात झाले होते. हा लक्षात राहिला तो गाडीत कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होता म्हणून.

फोकस्टन बंदरातून लंडनला जाणाऱ्या या गाडीची वेळ भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदले. ब्यूल्ट नदीवरील पुलाच्या तुळया बदलणाऱ्या मुकादमाने वेळापत्रकात चुकून दुसऱ्या दिवशीची वेळ पाहिली आणि रूळ काढून ठेवले. लाल बावटेवाला १,००० यार्डांवर हवा होता. तो ५५४ यार्डांवर उभा होता. डबे खाली कोसळले, डिकन्सचा मात्र पुलावर तिरपा लटकला. बाहेर पडून त्याने टोपीतून पाणी आणून जखमींना पाजले. मग पुन्हा डब्यात चढून ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’चे हस्तलिखित काढले. कादंबरीच्या ताजा कलमात, आपल्याबरोबर बॉफिन दांपत्यही (त्यातलीच पात्रे) गाडीत होते, असे तो मिस्कीलपणे सांगतो. सोबतच्या एलन टर्नन या अभिनेत्रीशी असलेले संबंध तो लपवून ठेवी, त्यामुळे तिचे नाव अर्थातच नाही.

तोवर कादंबरीकारांना रेल्वे अपघात ही कथानकाची सोय होती. ‘डॉम्बी अँड सन’मधला खलनायक इंजिनाखाली सापडतो. विल्की कॉलिन्सच्या ‘नो नेम’मध्ये बाप नवे मृत्युपत्र करण्याआधीच अपघातात जातो आणि मुली वारशाला मुकतात. ‘ईस्ट लिन’ची नायिका अपघातात विद्रूप होते, म्हणूनच स्वतःच्या घरात मुलांची शिक्षिका (गव्हर्नेस) म्हणून परतते तरी कोणी ओळखत नाही.

डिकन्सच्या ‘द सिग्नलमन’ (१८६६) या भूतकथेत ही सोय उरत नाही. बोगद्याच्या तोंडाशी एकटा राबणारा सिग्नलमन आपले काम चोख करतो; दुर्घटनेआधी त्याला आकृतीही दिसते, पण धोका कुठे आहे ते कळत नाही. वरिष्ठांना तार करून तो सांगणार काय? कथेमागे क्लेटन बोगद्याचा अपघात (१८६१, २३ मृत्यू) असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. तिथे बिघडलेला सिग्नल आणि ‘बोगदा मोकळा’ या तारेचा चुकीचा अर्थ, दोन्ही एकाच वेळी भोवले. भुतापेक्षा ही हतबलता जास्त अंगावर येते.

स्कॉटलंडमधील टे नदीवरील पूल २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात गाडीसह कोसळला, तेव्हा जर्मन लेखक थिओडोर फोंटाने याने दोन आठवड्यांच्या आत त्यावर पोवाड्याच्या वळणाची कविता छापली. तीत पूल पाडतात त्या ‘मॅक्बेथ’मधल्या चेटकिणी. चौकशी मंडळाने मात्र आराखडा, बांधकाम आणि देखभाल या तिन्हींवर ठपका ठेवला.