हात लावला, पण कुणाच्या कामासाठी? सायबोर्गच्या दोन कादंबऱ्यांची पार्श्वभूमी

आमच्या मोठ्या बाबांचा उजवा हात थ्रेशरमध्ये गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. सोयाबीनची गंजी संपत आली होती, ट्रॅक्टरवाल्याला दुसऱ्या वावरात जायची घाई, आणि शेवटचा भर आत ढकलताना शर्टाची बाही ओढली गेली. कोपराच्या खाली काहीच उरलं नाही. पुढं एका शिबिरात त्यांना हात मिळाला, फुकट. गोऱ्या रंगाचं रबरी कातडं, बोटं जराशी वाकलेली, नखंसुद्धा काढलेली, पण बोट एकही हलत नव्हतं. दोन-तीन लग्नांत घातला आणि मग कॅलेंडरच्या बाजूच्या खुंटीवर लटकवला तो तिथंच राहिला. मी विचारलं तर म्हणाले, "हा हात लोकाईले दाखवाले हाये बावा, माह्या कामाचा नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं म्हणूनच असेल, नंतर सायबोर्गवरच्या, म्हणजे अंगात यंत्राचे भाग बसवलेल्या माणसावरच्या, दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या तेव्हा दोन्हींत मला तोच प्रश्न दिसला, की लावलेला अवयव नेमका कुणाच्या कामाचा. एक मार्टिन केडिनची १९७२ ची 'सायबोर्ग', दुसरी फ्रेडरिक पोलची १९७६ ची 'मॅन प्लस'. दोन्हींत एका माणसाचं शरीर नव्यानं बांधतात, दोन्हींत पैसा सरकारचा, आणि दोन्हींत ते शरीर त्या माणसाला जगता यावं म्हणून नाही तर एक काम उरकायचं आहे म्हणून बांधलेलं असतं.

ही गोष्ट तशी लई जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पलेची कथा येते, तिचा पाय रात्री तुटतो आणि अश्विनीकुमार तिला लगेच धातूचा पाय लावून देतात. ती बाई होती की शर्यतीची घोडी यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण मला त्या ऋचेतले 'धने हिते सर्तवे' हे शब्द महत्त्वाचे वाटतात, म्हणजे पणाला लावलेल्या धनासाठी धावता यावं म्हणून. तिला चालता-फिरता यावं असं तिथं म्हटलेलं नाही, तिनं शर्यतीत उतरावं म्हणून पाय लावलाय.

'सायबोर्ग' हा शब्द मात्र १९६० चा. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटल या मनोरुग्णालयात काम करणारे मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोघांनी अंतराळ प्रवासावर लेख लिहिला त्यात तो आला. त्यांचं म्हणणं असं की माणूस अंतराळात न्यायचा तर पृथ्वीची हवा डब्यात भरून सोबत कशाला न्यायची, त्यापेक्षा माणसाचं शरीरच तिथल्यासारखं करू. लेखात एका पांढऱ्या उंदराचा फोटो होता, उंदराला छोटा पंप बसवलेला आणि त्यातून औषध हळूहळू शरीरात जायचं. पण तो लेख नीट वाचला की कळतं, त्यांचा हेतू माणसाला मोकळं करायचा होता. जिवंत राहायसाठी माणूस सारखी बटणं दाबत बसला तर तो यंत्राचा गुलाम होईल, म्हणून ती कामं शरीरानं आपोआप करावीत आणि माणसानं शोध घ्यावा, विचार करावा, अनुभवावं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. पुढच्या कादंबऱ्यांनी हे सगळं उलटं करून दाखवलं आणि माझ्या मते ते बरोबरच दाखवलं, कारण असं शरीर बनवायला जेवढा पैसा लागतो तेवढा ज्याच्याकडं असतो त्याला माणूस मोकळा करण्यात इंटरेस्ट फार कमी वेळा असतो.

केडिन हा विमानांवर लिहिणारा माणूस, त्यामुळं त्याच्या कथेला खऱ्या अपघाताचा आधार सापडतो. १० मे १९६७ ला कॅलिफोर्नियात ब्रूस पीटरसन हा टेस्ट पायलट एम२-एफ२ नावाचं बिनपंखांचं प्रयोगाचं विमान उतरवताना कोसळला. तो वाचला, पण नंतर इन्फेक्शन होऊन एक डोळा गेला. कादंबरीतला स्टीव्ह ऑस्टिन असाच कोसळतो, दोन्ही पाय, एक हात आणि एक डोळा जातो. व्हिएतनामचं युद्ध तेव्हा चालूच होतं, अवयव गमावलेली तरणी पोरं घरी परतत होती, त्यामुळं वाचणाऱ्यांना हे काही परकं नव्हतं. पुढं यावरून 'सिक्स मिलियन डॉलर मॅन' ही टीव्ही सिरीयल आली आणि तिच्या सुरुवातीला पीटरसनच्या अपघाताचीच फिल्म दाखवायचे. सिरीयलमध्ये तो हिरो होऊन धावतो. पुस्तकात तसं नाही, पुस्तकात स्टीव्हला जगायचीच इच्छा उरलेली नसते, आणि नवा डोळा लावतात त्यानं त्याला दिसतच नाही, तो फक्त एक कॅमेरा असतो. मी तिथं पुस्तक खाली ठेवलं. ज्याचा डोळा गेला त्याला नजर नाही मिळाली, हेरखात्याला मात्र फोटो मिळाले.

पोलची कादंबरी याच्या पुष्कळ पुढं जाते. अमेरिकेच्या मरिनर यानांनी मंगळाचे फोटो पाठवले होते, लोकांना वाटायचे तसे कालवे-बिलवे काही नाही, नुसते खड्डे आणि थंडी, हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी. आणि कादंबरी आली त्याच वर्षी, २० जुलै १९७६ ला, व्हायकिंग हे यान मंगळावर उतरलं. मग अशा ठिकाणी माणूस जगवायचा कसा? पोलनं क्लाइन्स-क्लाइनची आयडिया जशीच्या तशी उचलली आणि शेवटपर्यंत नेली. पहिला माणूस प्रयोगात मरतो, मग राखीव असलेल्या रॉजर टोरावेचा नंबर लागतो. त्याचे डोळे काढून किड्यासारखे लाल मोठे डोळे बसवतात, कातडी बदलतात, पाठीवर वटवाघळासारखे पंख, पण उडायसाठी नाही, उन्हातून वीज घ्यायसाठी. लिंगही काढून टाकतात कारण मंगळावर त्याचा उपयोग नाही. इकडं त्याच्या बायकोचं त्याच टीममधल्या माणसाशी जुळलेलं असतं. त्याला काय दिसावं, किती दिसावं हेही कॉम्प्युटर ठरवतो. आणि एवढं सगळं आपल्याला सांगतंय कोण हे शेवटी कळतं तेव्हा अंगावर काटा येतो, कारण सांगणारे कॉम्प्युटरच असतात आणि हा प्रोजेक्ट व्हावा म्हणून आकडेही त्यांनीच फिरवलेले असतात. रॉजर मंगळावरच राहतो. पृथ्वीवर त्याच्या त्या शरीराला जागाच उरलेली नसते.

याच काळात आपल्याकडं जयपूरला वेगळंच काही चाललं होतं. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा पाय तयार केला. परदेशी पाय बुटाशिवाय चालत नसे, त्यानं उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना, चिखलात उतरता येईना, म्हणून लोक तो घरी काढून ठेवायचे, आमच्या खुंटीवरच्या हातासारखाच. या दोघांनी माणूस बसतो कसा, वावरात चालतो कसा ते आधी बघितलं आणि मग पाय त्याच्यासारखा केला. म्हणून मला वाटते सायबोर्गच्या इतिहासात हा पाय असायलाच पाहिजे, मी वाचलेल्या विदेशी पुस्तकांत तो कुठं दिसला नाही याचं वाईट वाटते.

मोठ्या बाबांनी शेवटी गावातल्या लोहाराकडून एक लोखंडी कडी करून घेतली. चामड्याच्या पट्ट्यानं ती थोटकाला बांधायची, वखराचं रुमणं तिच्यात अडकवायचं आणि डाव्या हातात कासरा धरायचा. पहिल्यांदा कडी टोचायची म्हणून दोनदा परत नेली, मग आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला. तो तुकडा दरवर्षी झिजतो. मृग लागायच्या आधी ते ओसरीत बसून नवा तुकडा कापतात, पट्टा दातात धरून स्वतःच आवळतात, आणि कोणी मदतीला हात पुढं केला तर मानेनंच नाही म्हणतात.