खांबावरचा दिवा कोणत्या जातीचा?

खिडकीतून थेट पलंगावर उजेड टाकणाऱ्या दिव्याची तक्रार नगर निगमात करायची असेल, तर आधी तो दिवा ओळखा. इलाज त्यावरच ठरतो. "फार उजेड येतो" एवढ्यावर कोणी काही करत नाही.

सर्वांत सोपी परीक्षा लाइट जाऊन परत येते तेव्हाची. इंदूरच्या रामबागेत काय किंवा सुदामानगरात काय, क्षणभर लाइट गेली आणि आली, की एलईडी लगेच पूर्ण तेजाने पेटतो. सोडियमचा दिवा मिनिटभर तरी अंधारात राहतो आणि मग सावकाश नारिंगी होत जातो. मेटल हॅलाइडचा फ्लडलाइट तर पाच-दहा मिनिटंही घेतो. तापलेल्या नळीत वाफेचा दाब चढलेला असतो. तो उतरेपर्यंत नळीतून वीज आरपार जाऊ शकत नाही.

लाइट जायची वाट बघायची नसेल, तर गाण्यांची एखादी जुनी सीडी शोधा. तिच्यावरचे वळसे एकमेकांपासून १.६ मायक्रोमीटरवर असतात, त्यामुळे तिच्यावर पडलेला प्रकाश रंगांत फाकतो. दूरचा एकच दिवा निवडा, सीडी तिरपी धरा आणि रंगांचा पट्टा न्याहाळा. एलईडीत ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास ठसठशीत निळा, मग जरा मंद जागा आणि पुढे हिरव्यापासून लालपर्यंत सलग पट्टा. पाऱ्याच्या जुन्या दिव्यात जांभळ्या, निळ्या, हिरव्या, पिवळ्या सुट्या रेघा. सोडियमचा पट्टा मात्र मुद्दाम बघाच! ५८९ नॅनोमीटरपाशी, जिथे पिवळा सगळ्यात उजळ असायला हवा, नेमकी तिथेच काळी फट असते. नळीच्या मध्यातल्या तापलेल्या सोडियमने सोडलेला पिवळा प्रकाश कडेची कमी तापलेली सोडियम वाफच शोषून घेते. प्रयोगशाळेत शिकवायची गोष्ट, आणि ती रस्त्यावरच्या खांबावर दिसते.

ओळख पटली की निळ्याकडे लक्ष द्या. हवेतले रेणू निळा प्रकाश पिवळ्यापेक्षा जवळपास तिप्पट विखुरतात, म्हणून पांढऱ्याशुभ्र एलईडीने आकाश जास्त धुरकट उजळतं. २०१५ साली पथदिव्यांची राष्ट्रीय योजना सुरू झाली, ठिकठिकाणी सोडियमच्या जागी एलईडी आले आणि वीज वाचली, हे चांगलंच झालं. पण ६५०० केल्विनचा, म्हणजे निळसर पांढरा, दिवा गल्लीत कशाला हवा? २७०० ते ३००० केल्विनचा उबदार, पिवळसर एलईडीही तितकाच टिकतो, आणि मध्यरात्रीनंतर तो मंदही करता येतो. सोडियमच्या दिव्याचा रंग बदलता येत नाही. तिथे वरून झाकण घालणं किंवा दिवा आडवा करणं हाच उपाय.

तक्रारीत खांबाचा नंबर, दिव्याची जात आणि तुमच्या खिडकीतून त्याचा उघडा भाग दिसतो का, एवढं लिहा. शेजारच्या मॅरेज गार्डनचा फ्लडलाइट असेल, तर अर्ज करण्याआधी मालकाला भेटा. तो दिवा खाली वाकवायला शिडी आणि पाना पुरतो.